पान वाढलंय : शिरो मागवला, पिठलं आलं

परदेशातल्या हॉटेलात कधी चक्रावला असाल तर कळवा, असं मी मागच्या अंकात सहज लिहून गेले आणि संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवली. निम्मी पत्रं 'आम्हाला लुबाडलं' या सुराची. एका पत्रात तर मजकूरच नाही, नुसतं चित्र : ताटात अख्खा मासा आणि त्याचा डोळा थेट जेवणाऱ्याकडे. खाली एकच शब्द, 'वाचवा!'

27 वर्षं मी दादरच्या एका कंपनीसाठी मराठी मंडळींचे ग्रुप बाहेर नेले. व्हिसा आणि विमानापेक्षा माझा जीव जेवणाच्या वेळी टांगणीला लागायचा. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

लिस्बनला मुलाकडे गेलो होतो. हॉटेलात बसताक्षणी वेटरने पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलं. आपल्याकडे कांदा-लिंबू देतात तसं समजून आम्ही चौघांनी फडशा पाडला. बिलात त्याचे 11 युरो! ही फसवणूक नाही का? (मिरज)

नाही काका, पण तुमचा राग समजतो. त्या बशांना पोर्तुगालमध्ये 'कुवेर' म्हणतात. त्या न मागता येतात, फुकट मात्र येत नाहीत. हात लावला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, तिथला कायदाच तसा आहे. वेटर बशी ठेवत असतानाच हसून 'ओब्रिगादु' म्हणत मान हलवायची (बायकांनी 'ओब्रिगादा'), तो मुकाट्याने उचलून नेतो. कुणाला काही वाटत नाही. तुम्ही ऑलिव्हच्या बियांचा ढीग केलात म्हणता, तिथे विषय संपला. 'पाव' हा शब्द त्यांनी आपल्याला फुकट दिला, वस्तूचे मात्र घेतात.

इटलीतला 'कोपेर्तो' याहून वाईट. माणशी साधारण 1 ते 3 युरो, कशाचे, तर टेबलावर बसल्याचे! पाव खा नाहीतर खाऊ नका. मला हे आजतागायत पटलेलं नाही, पण मेन्यूकार्डवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, त्यामुळे भांडायला तोंड राहत नाही. जपानच्या 'इझाकाया'त, म्हणजे पिण्याखाण्याच्या अड्ड्यावर, 'ओतोशी' नावाची एवढीशी वाटी येते आणि बिलात 300 ते 500 येन चढतात. त्यावर माझी तक्रार नाही. जपानमध्ये टिप नावाची भानगडच नाही. एकदा मी ठेवलेली नाणी घेऊन एक पोरगा सिग्नलपर्यंत माझ्यामागे पळत आला होता.

मुलाची आदिस अबाबाला बदली झाली आहे. आम्ही दोघं तीन महिने जाणार. मी माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. तिथे कच्चं मांस खातात असं ऐकलं. बरोबर किती किलो पोहे आणि डाळी न्याव्यात? (आळंदी)

माउली, पोह्याची दोन पाकिटं खुशाल न्या, किलोंनी नको. कच्चं मांस खातात हे खरं. 'कितफो' हा खिम्याचा पदार्थ तिथे लाडाचा आहे. पण इथिओपियासारखा शाकाहाऱ्यांना सोयीचा देश मी फार थोड्या ठिकाणी पाहिला, आणि कारण धार्मिकच आहे. तिथला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतो, शिवाय ईस्टरच्या आधी 55 दिवस. सगळे धरले तर सामान्य माणसाचे वर्षाचे 180 च्या आसपास दिवस होतात. त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. म्हणजे तुमच्याहून कडक. हॉटेलात 'त्सोम', म्हणजे उपवासाचं, एवढा एक शब्द बोला. 'बेयाय्नेतू' मागवलंत तर परातीएवढ्या ताटात सगळ्या भाज्या-आमट्या थोड्या थोड्या वाढून येतात. फक्त ईस्टरनंतरचे 50 दिवस बुधवार-शुक्रवारचा उपवास नसतो, तेव्हा नीट विचारून घ्या. आणि कांदा-लसूण असतोच, त्याला इलाज नाही.

आम्ही केनियाच्या सफारीला जाताना आदिसला एक रात्र थांबलो होतो. मेन्यूकार्डवर 'शिरो' वाचून ग्रुपमधल्या आजोबांनी गोडाचा म्हणून तीन प्लेट मागवला. आल्या तीन मातीच्या बोळक्या, आत लालसर काहीतरी रटरटत होतं. आजोबांनी चमच्याच्या टोकाने चाखलं आणि म्हणाले, "अहो, हे तर आमच्या हिचं पिठलं!" खरंच पिठलं. हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं पीठ, कांदा, लसूण आणि 'बरबरे' नावाचा त्यांचा लाल मसाला. त्या रात्री तीनच्या सात झाल्या.

खालची पोळी म्हणजे 'इंजेरा'. तेफ नावाच्या, मोहरीहून बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली, भली मोठी जाळीदार आंबोळी समजा. जाळीच्या भोकांना ते 'डोळे' म्हणतात. डोळे जितके जास्त तितकी करणारी सुगरण. पहिल्या घासाला ती आंबट लागते, तिसऱ्याला सवय होते. मसुराच्या आमटीला तिथे 'मिसिर वोत' म्हणतात. मिसिर म्हणजे मसूर, नाव लक्षात ठेवायला काही त्रास नाही. आणखी एक गंमत. आपण ज्याची चटणी करतो ते कारळे मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ भागातले. उपवासाला तूप चालत नाही म्हणून तिथला स्वयंपाक पूर्वापार कारळ्याच्या तेलावर होत आलाय. कारळ्याची चटणी करून न्या आणि मुलाच्या शेजाऱ्यांना द्या. ओळख पटायला वेळ लागणार नाही.

आता खरी अडचण. तिथे ताट एकच असतं, सगळ्यांचं मिळून. तिखट लागेल याची भीती तुम्हाला नसेल, उष्ट्याची असेल. मलाही होती. त्यात 'गुर्शा' आला. आमच्या ड्रायव्हरच्या बायकोने इंजेऱ्यात भाजी गुंडाळली आणि तो घास सरळ माझ्या तोंडापाशी आणला. आई गेल्यानंतर मला कुणी घास भरवला नव्हता, आणि लग्नातला घास म्हणाल तर तो फोटोग्राफरसाठी होता. मी मागे सरले. टेबलावर सगळे गप्प. मग आमच्यातल्याच एक सासवडच्या काकू पुढे झाल्या, आ केला, घास घेतला, आणि लगोलग उखाणा घेतला! उखाण्याचं इंग्रजी मी केलं, ड्रायव्हरने त्याचं अम्हारिक केलं. त्यातून काकांचं नाव शेवटी काय म्हणून पोहोचलं ते देव जाणे, पण बाई खूप हसल्या. दुसरा घास मी घेतला. मोठा होता. जितकी माया तितका घास मोठा, असा हिशेब आहे म्हणे, त्यामुळे तोंड उघडताना कंजूषपणा करू नका.

कॉफीला बसाल तर उठायची घाई नको. डोळ्यांदेखत बी भाजून, कुटून करतात, आणि त्याच भुकटीवर तीन वेळा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. तिसरीचं नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. दुसरीनंतर उठणं म्हणजे आरतीला थांबून प्रसाद न घेताच निघणं.

हाँगकाँगमध्ये शेजारच्या आजींनी बसल्या बसल्या किटलीतल्या चहाने वाट्या, चमचे, काड्या विसळल्या. वेटरही काही बोलला नाही. भांडी घाण असतात का? आम्हीही विसळून घेतली. (रत्नागिरी)

उत्तम केलंत. भांडी स्वच्छच असतात. त्या भागातली जुनी सवय आहे, मोडत नाही इतकंच. विसळलेला चहा ओतायला टेबलावर मोठा वाडगा ठेवलेला असतो, तो पिऊ नका (आमच्या एका साहेबांनी सूप समजून उचलला होता). कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक करायची, झाले आभार. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा, हाक मारावी लागत नाही.

क्योतोला जेवता जेवता फोन आला म्हणून मी काड्या भातात उभ्या खोचल्या आणि बाहेर गेलो. परत आलो तर मालकीणबाईंनी त्या काढून आडव्या ठेवलेल्या, आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघेनात. माझं काय चुकलं? (नागपूर)

भाऊ, तुमच्या घरी पाहुणा आला आणि जेवता जेवता त्याने भाताचा गोळा करून, वर काळे तीळ टाकून तो पानाबाहेर कावळ्यासाठी ठेवला, तर आई काय करेल? जपानमध्ये माणूस गेल्यावर त्याच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवतात आणि काड्या त्यात उभ्या रोवतात. तुम्ही भर जेवणात पिंड मांडलात. बाईंनी काही न बोलता काड्या आडव्या केल्या, हा त्यांचा मोठेपणा. आणखी एक गोष्ट कधीही करू नका. आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक अस्थी उचलतात त्या अशाच, काड्यांनी काड्यांत देत. बाकी शेवया भुरके मारून खाल्ल्या तर चालतं. आपल्याकडे कढी पिताना आवाज केला तर टोकतात, तिथे कुणी वळूनही बघत नाही.

पॅरिसमध्ये जेवण होऊन पाऊण तास झाला तरी बिल आणत नाहीत. भारतीय म्हणून दुर्लक्ष? (मुलुंड)

अजिबात नाही. न मागता बिल आणणं तिथे 'आता उठा' म्हटल्यासारखं होतं. टेबल तुमचं आहे, बसा. उठायचं असेल तर मागा. आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवा, तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरलेलं थाळीसारखं जेवण. पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' मागायची. नुसतं पाणी हवं तर 'कराफ दो', ते नळाचं आणि फुकट.

आमच्या बॅगेत दशम्या आणि लसणाची चटणी कायम असते. पण कुठल्याही हॉटेलात डबा काढला की वेटर डोळे वटारतो. आपलं आपण खाऊ देईल अशी युरोपात एक तरी जागा आहे का? (कोथरूड)

आहे, आणि तिथे तुमच्या दशम्या राजाच्या हुकमाने चालतात.

जर्मनीत बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या मुलखात, बियर गार राहावी म्हणून ती गाळणारे लोक इझार नदीच्या काठाला तळघरं खणत आणि वर सावलीला चेस्टनटची झाडं लावत. उन्हाळ्यात लोक त्या सावलीत बसून तिथेच बियर प्यायला लागले. शहरातले खानावळवाले चिडले, आमचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून. तेव्हा पहिल्या माक्सिमिलिआन योसेफ राजाने 1812 साली तोड काढली : बियर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. मग लोक घरून डबे आणू लागले. आज तिथे सगळं खायला मिळतं, पण डब्याचा हक्क लोकांनी सोडला नाही. 1999 च्या बव्हेरियन नियमातसुद्धा स्वतःचं खाणं आणता येणं ही बियर गार्डनची ओळख म्हणून नोंदलेली आहे.

खूण सांगते. ज्या टेबलावर कापड घातलंय तिथे वेटर येतो, तिथे डबा काढू नका. उघड्या लाकडी टेबलावर खुशाल पंगत मांडा. पेय मात्र त्यांचंच घ्यायचं. बियर घेत नसाल तर 'आप्फेलशोर्ले', सफरचंदाचा रस आणि सोडा. ग्लासवर अनामत घेतात, ग्लास परत केला की पैसे परत. आमचे लोक हे विसरून निघायचे आणि मी मागून ग्लास गोळा करत फिरायची.

एंग्लिश गार्टन नावाची मोठी बाग आहे, तिथल्या चिनी मनोऱ्यापाशी हजारो माणसं बसतात. तिथे 32 जणांच्या ग्रुपने एकदा डबे उघडले. शेजारी एक म्हातारं जोडपं, त्यांनी घरून टेबलक्लॉथसुद्धा आणलेला. बाईंनी पिशवीतून काय काढावं, तर मुळा! पांढरा, हातभर लांब. गोल गोल स्प्रिंगसारखा कापून त्यावर मीठ घातलं आणि आमच्यापुढे केला. आम्ही चटणी पुढे केली. काकांनी चटणी नुसतीच, चमचाभर तोंडात टाकली. लिटरभराचा मग त्यांनी कसा रिकामा केला ते पाहून आमच्याकडच्या मंडळींना पहिल्यांदा कळलं, इथे बियर एवढ्या मोठ्या मगात का देतात.

मुलगी झुरिकला असते. ती मला काळोखातल्या हॉटेलात नेणार आहे. वय 66, रक्तदाब आहे. पडले-बिडले तर? आणि पानात काय वाढलंय ते कळणार कसं? (बेळगाव)

ताई, जा. मी गेले तेव्हा मलाही धाकधूक होती.

'ब्लिंडेकू' त्याचं नाव, 1999 साली एका जुन्या प्रार्थनाघरात सुरू झालं. असं कायमचं काळोखातलं हॉटेल जगात पहिलंच मानतात. जर्मनमध्ये ब्लिंडेकू म्हणजे 'आंधळी गाय', आणि डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायच्या खेळाचं ते नाव. आपली आंधळी कोशिंबीर! त्यांनी खेळात गाय आणली, आपण पानातली डावी बाजू आणली. हॉटेलला नाव द्यायचं तर आपलंच जास्त शोभलं असतं, असं मला तिथे जेवताना सारखं वाटत होतं.

वाढणारी माणसं अंध किंवा फार कमी दिसणारी. काय खायचं ते बाहेर उजेडात ठरवायचं, शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगायचं. मोबाइल, चमकणारं घड्याळ, सगळं कपाटात बंद. मग वाढणारी तुम्हाला न्यायला येते. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, मागच्याने तुमच्या. झुकझुकगाडी करत आत जायचं. त्यामुळे पडण्याची भीती सोडा, ती बाई त्या खोलीत तुमच्या मुलीहून जास्त सराईत असते. घाबरायला झालं तर हाक मारा, बाहेर आणून सोडतात.

आत गेल्यावर डोळे मिटले काय, उघडे काय, फरक शून्य. दिवे गेल्यावरचा काळोख असा नसतो, त्यात थोड्या वेळाने काहीतरी दिसू लागतं. इथे शेवटपर्यंत काही नाही. माणसं उगाच मोठ्याने बोलतात, न दिसणाऱ्याला जणू ऐकूही येत नाही. पहिले चार वेळा माझा काटा तोंडात रिकामाच आला. पाचव्या वेळी काटा ठेवला बाजूला आणि हाताने जेवले. सगळ्या युरोपात मी एवढ्या निवांतपणे कुठेच जेवले नसेन. शेजारचे स्विस गृहस्थ मात्र ताटलीभर काट्याने ठोकत होते, आवाज येत होता. बोटांना काय आहे ते जिभेच्या आधी कळतं. तरी मी बिटाला गाजर समजले, आणि एक मऊ गोष्ट शेवटपर्यंत ओळखली नाही.

पाणी ओतताना मी टेबलावर तळं केलं. वाढणारीने आवाजावरून ओळखलं. माझा हात धरला, तर्जनी पेल्याच्या काठातून आत सोडली आणि म्हणाली, बोटाला पाणी लागलं की थांबायचं. मी तिला म्हटलं, माझी आजी शेवटची काही वर्षं असंच करायची आणि आम्ही तिला "बोट घालू नकोस" म्हणून ओरडायचो. त्यावर ती काही बोलली नाही. जग उचलून माझ्या हाताजवळ ठेवला आणि गेली.

रक्तदाबाची गोळी मात्र बाहेर उजेडातच घ्या.

तुमच्या ग्रुपची सगळ्यात मोठी फजिती कुठल्या हॉटेलात झाली? (अकोला)

फजिती माझी झाली, ग्रुपची नाही. बँकॉकला 'कॅबेजेस अँड काँडम्स' नावाचं हॉटेल आहे. मेचई वीरवैद्य या गृहस्थांनी थायलंडमध्ये कुटुंबनियोजनाचं फार मोठं काम केलं, इतकं की तिथे निरोधाला बोलीभाषेत त्यांचंच नाव पडलं. निरोध कोबीच्या गड्ड्याइतका सहज विकत मिळावा, हे त्यांचं म्हणणं, त्यावरून हॉटेलचं नाव. आमच्या जेवणाने दिवस राहणार नाहीत याची हमी, अशी पाटीच आहे. भिंतीला, दिव्यांना, पुतळ्यांच्या अंगावर, जिकडे तिकडे रंगीबेरंगी निरोध.

मला हे काही माहीत नव्हतं. नेहमीच्या जागी गर्दी होती म्हणून तिथल्या स्थानिक गाइडने ऐन वेळी नेलं. माझ्याबरोबर दहा बायका, सगळ्या साठीपुढच्या, दोन तर सोवळ्यातल्या. मी दारातच थिजले. कुणी विचारलं, "हे फुगे कसले गं?" तर मी 'सजावट' म्हणून वेळ मारून नेली. जेवण छान होतं. मग बिल आलं, आणि आपल्याकडे बडीशेप येते तशी बशीत निरोधाची पाकिटं.

एका मावशींनी चॉकलेट समजून पाकीट फोडायला घेतलं. मी काही बोलणार तोच कोपऱ्यातून आवाज आला, "थांबा हो, ते खायचं नाही." निवृत्त सिस्टर होत्या त्या, विदर्भातल्याच, तुमच्या बाजूच्या. सत्तरच्या दशकात लाल त्रिकोणाची पत्रकं घेऊन गावोगाव हिंडलेल्या. त्यांनी उभं राहून, चष्मा लावून, बाकीच्या नऊ जणींना ते काय आहे, कशासाठी आहे आणि कसं वापरतात हे सगळं शुद्ध वऱ्हाडीत सांगितलं. वेटर कौतुकाने ऐकत उभे. "आम्ही गावात शिरलो की लोक दारं लावून घेत," त्या म्हणाल्या. "बाया पदराआड हसत, पण हात पुढे करत नसत. आणि इथं बडीशेपेच्या जागी!"

मग त्यांनी बशीतली पाकिटं एक एक करून मोजली, बारा भरली, ती रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली, आणि वेटरकडे वळून मराठीतच विचारलं, "रजिस्टर कुठंय? सही कुठं करू?"